गैरहजर माणसाची कलमं

फ्रान्सच्या दिवाणी कायद्याचा इंग्रजी अनुवाद माझ्या घरी कसा आला, यात सांगण्यासारखं भूषण काही नाही. ग्रंथालयानं रद्दीत काढलेल्या पुस्तकांच्या ढिगात तो पडला होता आणि माझ्याखेरीज त्याला कोणी हात लावला नाही. मी तेव्हा पोलाद कारखान्याच्या विधी विभागात होतो. न समजणाऱ्या पत्रांना न समजणारी उत्तरं लिहिणं, हे माझं काम.

हा कायदा सामान्य नागरिकालाही वाचता येतो, असं अनुवादकानं तीन पानी प्रस्तावनेत लिहिलं होतं. ती तीन पानं मात्र सामान्य नागरिकाच्या आवाक्यातली नव्हती. कलमं खरोखर साधी होती. ज्या सम्राटानं ती करवून घेतली, त्याचं साम्राज्य त्याच्या डोळ्यांदेखत गेलं. शेजाऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या अंगणात आली तर काय करायचं, ते टिकलं. डब्याच्या सुट्टीत मी चार कलमं वाचायचो. शेजारच्या टेबलावरून ठरलेला प्रश्न यायचा, "काय साहेब, फ्रान्सले बदली होऊन राहिली का?"

बेपत्ता माणसांवर त्यात एक वेगळं प्रकरण होतं. ते मी पुन्हा पुन्हा वाचायचो. कारण माझे भाऊजी, थोरल्या बहिणीचे यजमान, एका सकाळी सेक्टर सहाच्या क्वार्टरमधून सायकलवर मिक्सर बांधून खुर्सीपारला दुरुस्तीला गेले, ते आलेच नाहीत. मिक्सरही आला नाही. नेताना त्यांनी भांडं घरीच ठेवलं होतं. ताईनं ते पुढं कशालाच वापरलं नाही, आणि कोणाला देऊही दिलं नाही.

क्वार्टर कारखान्याचं होतं, ते सोडावं लागलं. ताई आणि भाची रिसालीतल्या अर्धवट घरात राहायला गेल्या. घर भाऊजींच्या नावावर होतं आणि वर टिनाचे पत्रे होते. स्लॅब टाकायची तर परवानगी हवी, परवानगीला मालकाची सही हवी. सात वर्षं झाल्यावर वकील म्हणाला, आता दुर्गच्या कोर्टात दावा लावता येईल. ताईनं फक्त उभं राहून सांगायचं होतं की ते जिवंत नाहीत असं मी समजते.

"मी नाई सांगत," ताई म्हणाली. "मले मालूम नाई तं कावून सांगू?"

भाची चिडली. "आई, उन्हाळ्यात तू या पत्र्याखाली मरशील. मामाजी, समझाओ ना इसको."

समजावणं मला कधी जमलं नाही. मी पुस्तक घेऊन गेलो.

आपल्याकडे सात वर्षं खबर नसली की माणूस मेला असं धरून चालतात. त्या कायद्यात मध्ये एक पायरी आहे. आधी न्यायाधीश म्हणतो, हा माणूस गैरहजर आहे. दहा वर्षं तो नुसता गैरहजर राहतो. मगच पुढचं. हे मी ताईला वाचून, मराठी करून सांगितलं. ती गव्हातले खडे वेचायची थांबली.

"शहाणे लोक दिसतात," ती म्हणाली. "अन् ते वापस आले तं?"

त्याचंही कलम होतं. परत आलेल्या माणसाला त्याची मालमत्ता आहे त्या स्थितीत परत मिळते. मी वाचलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं.

"म्हणजे घर त्यायचंच राहते."

"हो."

"अन् बायकोचं काय लिहिलं हाय?"

बायकोचं दोन कलमं पुढं होतं. माणूस परत आला, निकाल रद्द झाला, तरी त्याचं लग्न मोडलेलंच राहतं. एका ओळीचं कलम. अनुवादही चोख.

"बायकोचं काही नाही," मी म्हणालो.

ताई दुसऱ्या दिवशी तयार झाली. हा कायदा दुर्गला चालतो का, हे तिनं विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

कोर्टाच्या आवारात वकिलानं तिच्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "माताजी, इतना बड़ा कुंकू लगाके बोलोगी कि पति नहीं रहे?" ताईनं माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीकडे तोंड करून पदरानं कपाळ पुसलं. पिंजऱ्यात ती काय बोलली ते मागच्या बाकापर्यंत ऐकू आलं नाही. न्यायाधीशांनाही दोनदा विचारावं लागलं. परत येताना ऑटोत बसल्याबरोबर तिनं पर्समधून डबी काढली आणि आरशाशिवाय कुंकू लावलं. ते थोडं डावीकडे गेलं.

घरी आल्यावर म्हणाली, "ते घराचं कलम मराठीत लिहून दे. मी नसली अन् ते आले, तं पोरगी दाखवन." मी स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. तिनं तो कागद घडी करून मिक्सरच्या भांड्यात ठेवला आणि झाकण लावलं.

निकाल लागला, परवानगी आली, स्लॅब पडली. पुस्तक तेवढं मी वाचून दाखवलं त्या दिवसापासून ताईकडेच राहिलं होतं. एकदा गेलो तर भाची ते उघडून बसली होती. बेपत्ता माणसांच्या प्रकरणात मी खूण म्हणून घातलेलं बसचं तिकीट तिच्या बोटांत होतं. इंग्रजी तिला माझ्यापेक्षा बरं येतं. तिनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराकडे. आत ताई चहा टाकत होती.

"मामाजी," ती हळू आवाजात म्हणाली, "हे पुस्तक तुमच्या घरीच ठेवा."

ताई चहा घेऊन आली. कपाळावर कुंकू सरळ होतं. भाचीनं पुस्तक माझ्या पिशवीत घातलं आणि वर आपली ओढणी दाबून ठेवली.