पांढऱ्या बैलाचे निळे पंख

आज पोळा. अंगणात शिंगांना लावायच्या ऑइलपेंटचा वास सुटलाय आणि माझं डोकं तापलंय.

आठवीत असताना अशाच एका पोळ्याला मी आमच्या पांढऱ्या बैलाच्या पाठीवर पाण्यात कालवलेल्या रंगानं निळे पंख काढले होते, एकेक पीस वेगळं. "बैलाला कुठं पंख असत्यात का? लोक हसायलेत," म्हणत बाबांनी मिरवणुकीआधी बादली ओतली आणि काथ्यानं खसाखसा घासलं. निळं पाणी माझ्या पायांवरून वाहत गेलं.

आता परग्रहांची, अद्भुतकथांची चित्रं काढूनच मी पोट भरते. नव्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर तोच बैल उडतोय. बाबा सकाळपासून ते गावभर दाखवायलेत. आत्ता कौतुकानं विचारलं, "पंख लय भारी काढलेस गं. सुचले कसे?"

"तुमी धुतले होते, तेच हायेत!" मी ओरडले.

"मी? कवा गं?" म्हणत बाबा पुन्हा मुखपृष्ठ बघायला लागले. त्यांना काही आठवतच नाही.