हौसाबाईचं बलुतं

प्राप्तिकराच्या नावानं माझ्या साडूंइतका जीव जाळून घेणारा माणूस उभ्या पुणे जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि स्वतःला तो कर फारसा भरावा लागत नसताना इतका जाळून घेणारा तर नक्कीच नसेल. ते जुन्नरला वकिली करत आणि पेठेतल्या व्यापाऱ्यांना कराचे सल्ले देत. हळूहळू तो सल्ला त्यांच्या रक्तातच उतरला. लग्नकार्यात रोख आहेर करायचे नाहीत, पितळेचं पातेलं द्यायचे. लेण्याद्रीला पायऱ्या चढून धापा टाकत वर पोचले तरी ताटात पैसा न टाकता नारळच ठेवायचे. मी एकदा हसलो, तर दम खात म्हणाले, “नोटेला डोळे फुटतात हो. वस्तूकडे कुणी बघत नाही.”

माझी मेव्हणी बाळंतपणात गेली आणि मागं तान्हा विनू राहिला. त्याला सांभाळायला साडूंनी अवसरीची हौसाबाई आणली. कुंभाराची लेक, विधवा, स्वतःचं मूल जगलं नव्हतं. पगाराचं बोलणं मंचरला आमच्या ओटीवर झालं, म्हणून मला ते चांगलं आठवतं. साडूंनी तिला समोर बसवून एखाद्या गिरणीमालकाला समजवावं तसं समजावलं. रोख पगार म्हणजे उत्पन्न, आणि उत्पन्न म्हटलं की आज ना उद्या सरकार आलंच. त्यापेक्षा राहायला खोली, दोन वेळचं जेवण, वर्षाची लुगडी, घोंगडी, मिश्री, दवापाणी आणि माहेरी पाठवायला दरमहा पायलीनं बाजरी. ही सगळी सोय, आणि सोयीवर कर नाही. मी म्हटलं, अहो, हिच्या सात पिढ्यांत कुणाला कर लागायचा नाही. त्यावर त्यांनी माझ्याकडे नुसतं कीवेनं पाहिलं.

हौसाबाईला कर म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही. बाकीचं मात्र लगेच कळलं. तिच्या बापानं जन्मभर गावाला मडकी पुरवली होती आणि सुगीला खळ्यावरून धान्य आणलं होतं. “म्हंजी बलुतं,” ती म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. साडूंना काय, तिनं रोख पगार मागितला नाही यातच ते खूष होते. नाव काहीही दे, म्हणाले. आयुष्यभर शब्दाला शब्द घासून पाहणाऱ्या या माणसानं तेवढा एक शब्द तसाच जाऊ दिला.

पुढची वर्षं त्या घरात बरी गेली. विनू तिच्या कडेवर वाढला, तिच्यासारखं ‘लई’ आणि ‘न्हाई’ बोलायला लागला. साडू त्याला ‘खूप’ म्हण, ‘नाही’ म्हण म्हणून दटावायचे आणि स्वतःच एखाद्या पक्षकारासमोर ‘लई’ म्हणून जायचे. मग विनूला शाळेत घालायच्या सुमारास घटसर्प झाला. डॉक्टर आले, पुण्याहून औषधही मागवलं, ते पोचेपर्यंत पोराचा घसा बंद झाला होता. हौसाबाईच्या मांडीवरच तो गेला. तिच्या मांडीवरून त्याला उचलायला आम्हा दोघा साडूंना फार जड गेलं.

दिवस झाल्यावर साडूंनी घर बंद करून पुण्याला भावाकडे जायचं ठरवलं. निघण्याआधी त्यांनी हौसाबाईला बोलावलं आणि तिच्यापुढे नोटा ठेवल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांना कुणाला असा रोख पैसा देताना मी पाहत होतो. आता सांभाळायला कुणी उरलं नाही, तू अवसरीला सुखानं जा, असं काहीसं ते खाली मान घालून पुटपुटले. अवसरीला तिचं कुणी उरलं नव्हतं. बाप गेला होता आणि भावजय उंबऱ्यात उभं करत नव्हती, हे त्यांनाही ठाऊक होतं.

तिनं नोटांकडे पाहिलंच नाही.

“बलुतं घराचं असतंय, सायेब. एकल्या पोराचं न्हाई. माणूस मेलं म्हून कुनी कुंभाराला गावातनं काडत न्हाई,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. “मला येवडंच सांगा. ह्ये घर हाय, का मोडलं?”

साडू कायद्याचा माणूस. करार संपला, काम संपलं, हक्क संपला, एवढं सांगायला त्यांना एक वाक्य पुरलं असतं. पण आमच्यादेखत त्यांना हुंदका फुटला. बायको गेली तेव्हा आणि पोर गेलं तेव्हाही न रडलेला हा माणूस त्या प्रश्नावर लहान मुलासारखा रडला. “आहे,” एवढंच ते म्हणाले.

पुण्याला ते गेले नाहीत. त्या घरात दोन माणसं उरली, आणि त्यांच्यात बोलणं जवळजवळ नव्हतंच. करावरचं त्यांचं व्याख्यानही थांबलं. ते ऐकायला मिळेना म्हणून मला चुकल्यासारखं व्हायचं. एकदा महिन्याच्या सुरुवातीला मी गेलो, तर साडू स्वतः बाजरी मोजत होते आणि हौसाबाई समोर पदर पसरून उभी होती. ती आत गेल्यावर मी हळूच विचारलं, आता तिला काम ते काय, मग हे कशाबद्दल?

“अहो, घर आहे ना अजून,” ते म्हणाले, आणि सांडलेले दाणे एकेक करून वेचायला खाली बसले.