गोगलगायीची सवय

पर्समध्ये खडूचा चुरा आणि डोक्यात किस्से कधी साठतात, शिक्षकाला कळतच नाही. माझ्याकडे किडे-मुंग्यांचेच जास्त.

*

सावेडीहून पाथर्डीकडच्या या शाळेत बदली झाली. प्राण्यांचं वर्तन शिकवायचं म्हणून सातवीला म्हटलं, गोगलगायी आणा. दुसऱ्या दिवशी बादल्या भरून आल्या. हेडसर म्हणाले, "मॅडम, यांची हजेरी पण तुम्हीच घ्या."

*

मुंग्यांना एका बशीत साखर ठेवली, दुसरीत मीठ. दोन्ही सोडून रांग निघाली हेडसरांच्या डब्याकडे. सरांनी शांतपणे झाकण उघडून पाहिलं. "निष्कर्ष लिहा," म्हणाले, "गुळाची पोळी."

*

एका दुपारी आम्ही सगळे गोगलगाय शंखातून बाहेर यायची वाट बघत बसलो होतो. खिडकीतून ऊन सरकत होतं आणि वर्गात कुणी बोलत नव्हतं. तपासणीला आलेले साहेबही नकळत मागच्या बाकावर बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी हळूच विचारलं, "काय शिकवताय?"

सातवीतली रेणुका नजर न हलवता म्हणाली, "वाट बघायला."

मला ती दुपार अजून स्वप्नासारखी आठवते.

*

या रेणुकाचे आईवडील दरवर्षी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात, ती चुलतीकडे राहते. या वर्षी ती फार गप्प होती. ट्रक संध्याकाळी निघणार, त्याच दिवशी आमचा प्रयोग होता. मोरपिसाचं टोक गोगलगायीला हळूच टेकवायचं. ती डोळ्यांची शिंगं झटकन आत घेते. पुन्हा, पुन्हा करत राहिलं की घ्यायचं सोडून देते. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: सवय.

रेणुकाने विचारलं, "मंजे तिला आता काईच वाटत न्हाई?"

"नाही," मी म्हटलं. "ओळखीचं झालं ना."

*

दुसऱ्या दिवशी मी लवकर पोचले, तर वर्ग उघडा. रेणुका एकटीच गोगलगायीच्या खोक्याशी बसली होती, डोळे सुजलेले. काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "दरवर्षीचंच आहे गं. आता तरी सवय झाली असेल की."

मोरपीस उचलून तिने कालच्याच गोगलगायीला हळूच टेकवलं.

शिंगं झटकन आत गेली.

"काल तर हिला झाल्ती, बाई," ती म्हणाली.