कानसेनाच्या रेघा

शहराला पाणी आणणाऱ्या जुन्या दगडी पुलाच्या कमानी तपासायच्या, म्हणजे एकेका दगडावर हातोडी मारायची आणि ऐकायचं. दगड खणखणीत वाजला तर त्यावर खडूची रेघ, बद्द वाजला तर गोल. गोल केलेला दगड गवंडी काढतात आणि नवा बसवतात. रेघेच्या दगडाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. हे काम एकतीस वर्षं एकाच माणसानं केलं, म्हणून सगळे त्याला कानसेन म्हणत. स्वारीलाही ते आवडायचं.

आणि नेमके त्याचेच कान दोन वर्षांपूर्वी गेले. आधी उजवा, मग डावा. दुसऱ्या कुणी सरळ सांगून टाकलं असतं. यानं नाही. घरी उलट बायकोवरच डाफरायचा, "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस?" ती बिचारी आवाज चढवायची. कामावर मान तिरकी करून ऐकण्याचं सोंग वठवायचा. ओल दिसली की गोल, नाही दिसली की रेघ. संध्याकाळी बोटांवरचा खडू धुताना आजची कुठली रेघ चुकली असेल, हेच मनात घोळवायचा. पण एकही दगड पडला नव्हता, तेव्हा आपला अंदाज कानाइतकाच पक्का, अशी त्यानं मनाची समजूत घातली होती.

काल सातव्या कमानीतला दगड निसटला आणि गवंड्यांच्या मुकादमाच्या पायावर पडला. मुकादम म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. दगडावर ठसठशीत रेघ होती. तरी अपघाताच्या कागदावर मेहुण्यानं लिहून दिलं, 'माझीच पहार लागली.' ते वाचून कानसेनाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आज दुपारी तो दवाखान्यात गेला. मेहुण्याचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये होता. उशाशी कानसेनाची बायको सफरचंद कापत बसली होती.

"तू तिथं कशाला गेला होतास?" त्यानं विचारलं. "त्या कमानीत एकही गोल नव्हता."

मेहुण्यानं बहिणीकडे पाहिलं. मग कानसेनाची कॉलर धरून त्याचं डोकं जवळ ओढलं आणि कानात ओरडला, "तुमच्या रेघा तपासायला, भावोजी! दोन वर्षं तेच करतोय. ताईनंच सांगितलं होतं, यांच्या मागून एकदा हातोडी मारत जा म्हणून!"

अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. बायकोनं मान वर केली नाही. नेहमीसारखीच मोठ्यानं म्हणाली, "तुम्हाला विचारलं असतं, तर कबूल केलं असतंत?"

नसतंच केलं. कसला अंदाज आणि कसलं काय! दोन वर्षं मेहुण्याच्या कानांवर त्याची अब्रू चालली होती, आणि त्या अब्रूपायी मेहुण्याचा पाय मोडला होता. त्याला स्वतःची किळस आली. पुढच्या चौदा कमानींवरही त्याच्याच रेघा होत्या. त्यांच्या मागून अजून कुणी हातोडी मारली नव्हती. उद्या सकाळी गवंडी तिथं परांची बांधणार होते.

तो तसाच उठून कचेरीत, पुलाचं काम बघणाऱ्या साहेबांच्या खोलीत गेला. हातोडी टेबलावर ठेवली.

"साहेब, माझ्या सगळ्या रेघा पुसायला सांगा. त्या मी न ऐकता मारल्यात."

साहेबांचे ओठ हलले. बराच वेळ हलत राहिले. एरवी त्यानं मान डोलावून 'हो साहेब' म्हटलं असतं.

"साहेब," तो म्हणाला, "जरा मोठ्यानं बोला. मला ऐकू येत नाही."