लॉरीच्या टाकीतलं पाणी

लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेल्या लॉऱ्यांपैकी एक आमच्या मालकांनी घेतली. ठाण्याच्या खाडीकाठी त्यांची मिठागरं होती. लॉरी आली त्या दिवशी त्यांनी तिच्या टपावर नारळ फोडला, आणि त्यात टपाचा पत्रा चेपला. पुढे जे काही झालं ते याच अकलेला धरून झालं.

मी त्यांचा मेकॅनिक. तांत्रिक शाळेचं सर्टिफिकेट होतं, त्यामुळे स्वतःला बराच शहाणा समजत असे. ड्रायव्हर कल्याणचा, पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. रोज पहाटे येऊन लॉरी पुसायचा, मीठ भरलं की कल्याणच्या वखारीत पोचवायचा.

त्या काळी पेट्रोलमध्ये साखर कारखान्यातलं स्पिरिट मिसळून यायचं. लॉरी पुढून हँडल फिरवून सुरू करावी लागे; सकाळी कधी ती पहिल्याच हँडलला सुरू व्हायची, तर कधी पंचवीस हँडल मारून माणूस घामाघूम झाला तरी नुसती खोकायची. एकदा सुरू झाली की मात्र दिवसभर तक्रार नाही. मी प्लग साफ केले, पॉइंट घासले, कार्बोरेटर तीनदा उघडला. काही हाती लागलं नाही. आणि "मला कळत नाही" हे तीन शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत.

मालकांनी मुंबईहून एक तज्ज्ञ आणवला. पांढऱ्या पँटवाला. त्याने बोनेटमध्ये डोकावताना टाय खांद्यावर टाकला होता, इतकंच त्याचं कौशल्य मला आठवतं. "कॉइल बदला," म्हणाला. कॉइल बदलली, लॉरी पहिल्या हँडलला सुरू झाली. मालकांनी त्याला शहाळी पाजली, वर पापलेटं बांधून दिली. तिसऱ्या दिवशी लॉरी पुन्हा खोकायला लागली. तोवर पापलेटं पचलेली होती.

मग एका सकाळी मला सुचलं ते खरं तर पहिल्या दिवशीच सुचायला हवं होतं. टाकीची तळची नळी सोडून मी पेट्रोल काचेच्या बाटलीत धरलं. थोडा वेळ बाटली स्थिर ठेवली. वर पिवळसर पेट्रोल राहिलं आणि खाली दोन बोटं गढूळ पाणी बसलं. स्पिरिट पाणी ओढून घेतं, पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून तळाला जातात. हे मला पुस्तकातून पाठ होतं.

"मालक, टाकीत पाणी आहे!" मी मोठ्याने ओरडलो. शोध लावल्याच्या ऐटीत.

मालकांनी बाटली पाहिली, मग ड्रायव्हरकडे पाहिलं. मुंबई इलाख्यात दारूबंदी होती. त्यांच्या डोक्यात लख्खकन प्रकाश पडला, त्यांच्या डोक्यात पडे तसा.

"अरे, असं आहे होय! स्पिरिट पितोस नि वर पाणी भरतोस?"

"मालक, मी आयुष्यात थेंब घेतला नाय."

"मग पाणी काय आभाळातून पडलं?"

मिठागरावरची माणसं गोळा झाली. पेट्रोलातलं स्पिरिट पिणारा माणूस दुसऱ्या दिवशी हँडल मारायला उरत नाही, एवढं मला कळत होतं. मी बोललो नाही. बाटली हातात धरून उभा राहिलो. ड्रायव्हरने एकदा माझ्याकडे पाहिलं, चावी सीटवर ठेवली आणि स्टेशनच्या दिशेने चालू लागला.

पुढच्या आठवड्यात नवा ड्रायव्हर आला आणि लॉरी तशीच खोकली. आता कोण पीत होतं, हे मालकांना विचारायची माझी छाती झाली नाही. मात्र मी पाळत ठेवली. कल्याणच्या पंपावर टाकी भरली की दुसऱ्या सकाळी त्रास नसे. मिठागरावर साठवलेल्या आमच्या पिंपांतलं पेट्रोल असलं, आणि लॉरी बांधाच्या चढावर तोंड वर करून उभी असली, की हमखास त्रास. चढावर टाकीतलं पाणी मागे सरकायचं आणि इंजिनाकडे जाणारी नळी नेमकी मागच्या बाजूलाच होती. तज्ज्ञ आला होता त्या दिवशी टाकीत कल्याणचं पेट्रोल होतं.

मग पिंपं पाहिली. ती मालकांच्या मेहुण्याच्या ताब्यात होती. उघड्यावर, उभी, बुचं सैल. मिठाने पत्रा गंजू नये म्हणून हा गृहस्थ रोज संध्याकाळी पिंपांवर बादलीने पाणी ओतायचा. उन्हात तापलेलं पिंप निवलं की झाकणावरचं पाणी बुचातून आत ओढून घ्यायचं. मी लांब काचनळी तळापर्यंत घालून, वरून अंगठा दाबून बाहेर काढली. तळाला वीतभर पाणी.

मेहुणा म्हणाला, "स्पिरिट उसाचं ना? मग पाक खाली बसणारच."

मालकांनीही मान डोलावली. शेवटी मी मेहुण्यासमोर एका पिंपाचं बूच घट्ट केलं, पिंप आडवं करून छपराखाली ठेवलं. कल्याणहून आणलेलं चांगलं पेट्रोल त्यात होतं. आठ दिवस लॉरीला तेवढंच पाजलं. आठही सकाळी ती पहिल्या-दुसऱ्या हँडलला सुरू झाली, चढावरसुद्धा.

"बरं, बरं," मालक म्हणाले. झालेल्या अन्यायाची त्यांच्या लेखी एवढीच भरपाई. ड्रायव्हरला आणायला त्यांनी मला पाठवलं. स्वतः जाणं त्यांच्या इभ्रतीला परवडणारं नव्हतं.

ड्रायव्हर कल्याणच्या घरी ओट्यावर बसून चप्पल शिवत होता. खडवलीच्या एका गवताच्या व्यापाऱ्याकडे त्याला काम मिळालं होतं. मी सगळं सांगितलं. चढ, पिंप, बूच. त्याने नीट ऐकलं.

"म्हणजे तुम्हाला आता कळलं," तो म्हणाला.

"हो."

"आणि मी पीत नाय, हे?"

"ते तेव्हाच माहीत होतं."

त्याने सुई खाली ठेवली. "मग त्या दिवशी बोलला का नाय, साहेब?"

त्याच्या बायकोने चहा आणला, तो मी प्यायलो, भाजत होता तरी घाईने. तो परत आला नाही. मेहुणा मात्र वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला आडवी पिंपं दाखवून सांगायचा, "ही युक्ती आमची." मीही जवळच उभा असायचो, आणि त्याचं म्हणणं कधी खोडून काढलं नाही. त्या नोकरीत मी आणखी दोन वर्षं काढली.