वादळाचा आकडा

आमच्या घरात चपला-बूट गॅरेजमधल्या रॅकवरच राहतात. नियम माझा आहे, आणि डब्लिनला राहायला आल्यापासून त्यातून मी कुणालाही सूट दिलेली नाही, अगदी प्लंबरलासुद्धा.

त्या दिवशी दुपारपासून शेजारच्या इंडियाना राज्याकडून टोर्नेडोंची रांगच लागली होती. एक संपतोय तोवर फोनवर दुसऱ्याचा इशारा. संध्याकाळी आमच्याच भागाचा भोंगा वाजला. नवरा, लेक आणि मी, तिघंही अनवाणी बेसमेंटमध्ये पळालो. फोनवर बातम्या लावल्या, तर हवामानवाला बजावत होता, पायांत बूट घाला, नंतर काचा-खिळे तुडवत बाहेर पडावं लागेल.

"बूट घेऊन येतो, दोन मिनिटं," नवरा म्हणाला.

"डॅड, नो! जस्ट स्टे!" लेक ओरडली.

"मरू देत ते बूट!" मीही ओरडले. तोवर हा जिना चढून वर पोचलासुद्धा.

मग दिवे गेले, कानांना दडे बसले आणि डोक्यावरून कुणीतरी अख्खं घर फरफटत न्यावं तसा आवाज झाला. लेकीला घट्ट धरून मी नुसत्या त्याला हाका मारत होते. इतकी भीती मला जन्मात वाटली नव्हती.

वर गेले तर गॅरेजच नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारातून थेट शेजाऱ्यांचं अंगण दिसत होतं. हा दाराशीच पडलेल्या भिंतीखाली, खांदा मोडलेला, पण शिव्या घालत होता. त्या शिव्या ऐकून मला रडूच फुटलं.

नंतर हवामान खात्याचा माणूस पाहणीला आला. टोर्नेडोतला वारा सहसा कुणी मोजलेला नसतो. काय मोडलं आणि ते किती मजबूत होतं, यावरून शून्य ते पाच असा आकडा ठरवतात, हे मला तेव्हा कळलं. त्याने भिंतीच्या बुडाचे वाकलेले खिळे निरखून पाहिले. इथे बोल्ट हवे होते, म्हणाला. नुसत्या खिळ्यांवरची भिंत पाडायला फार वारा लागत नाही. म्हणून एक.

एक! मी सुन्नच झाले. आमचं बांधकाम कच्चं, म्हणून वादळ किरकोळ?

हात गळ्यात बांधून उभ्या असलेल्या नवऱ्याकडे बोट दाखवून मी विचारलं, "हा गेला असता, तर आकडा वाढला असता का?"



"नाही, मॅडम," तो म्हणाला. "माणसं आम्ही त्यात धरत नाही."