रोजची एक चूक

आमच्या कॉलेजातल्या गणिताच्या सरांना मुलं 'चूकवाले सर' म्हणतात आणि सरांना त्याचं कौतुकच वाटतं. रोजच्या तासाला ते फळ्यावर मुद्दाम एक चूक करतात. ती मुलांनी शोधायची. पूर्वी कळो न कळो, मुलं नुसत्या माना डोलवायची. त्या माना बघून सर विटले होते.

मी शेजारच्या वर्गात बावीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवतोय. माझ्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येते आणि माझ्या फळ्यावर आजवर कुणी चूक काढलेली नाही. भिंतीपलीकडे मात्र बाजार. परवा कान किटले म्हणून तणतणत तिकडे गेलो, तर मागच्या बाकावरची मुलगी म्हणत होती, "सर, आज दोन चुका आहेत."

सरांनी एकच केली होती. त्यांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला आणि डस्टर तिच्या हातात दिलं. "दुसरी माझी स्वतःची. पूस." चेहरा असा, जणू लॉटरी लागली.

काय वाटलं कोण जाणे, काल मीही एका सूत्रात अधिकच्या जागी उणे लिहिलं. साठ मुलांनी ते मुकाट्याने वहीत उतरवून घेतलं.

स्टाफरूममध्ये मी हे सरांना चिडूनच सांगितलं. ते हसले.

"पहिलं वर्षभर माझ्याकडेही हेच व्हायचं," माझ्यापुढे चहा सरकवत ते म्हणाले. "आणि ही चूक तुम्हाला ठाऊक तरी आहे. बावीस वर्षांतल्या बाकीच्या चुकांचं काय?"